चाळीस नंबरचा प्लॉट

९ जून, सोमवार

बाबा काल दुपारी आले. दोन पिशव्या, एक छत्री आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा फोटो. दादाने गाडीतून सामान उतरवलं, उभ्याउभ्या चहा घेतला आणि निघाला. दारात हळूच म्हणाला, नाही रुळले तर कळव, येऊन घेऊन जाईन, मनाला लावून घेऊ नकोस. आई गेल्यापासून पाच महिने बाबा त्याच्याकडे होते. वहिनी म्हणते, खुर्चीला चिकटले होते.

माझं घर म्हणजे संशोधन केंद्राच्या आवारातल्या दोन खोल्या. मागचं दार उघडलं की पन्नास पावलांवर सोयाबीनचे प्लॉट. अडतीस वर्षं शहराच्या बागांमध्ये माळीकाम केलेल्या माणसाला निदान खिडकीतून हिरवं दिसेल, एवढाच माझा हिशेब.

शुक्रवारी पेरणी संपली. अठरा वाण, प्रत्येक तीन ठिकाणी, एकूण चोपन्न प्लॉट. खुंटीवर फक्त नंबर. कुठल्या नंबरला कोण, तो कागद माझ्या कपाटात. धाकटी, म्हणजे माझा स्वतःचा वाण, यंदा नऊ, बावीस आणि चाळीसमध्ये आहे. नोव्हेंबरात वाण मंजूर करणारी समिती बसेल. तेल झालं, उत्पादन झालं, आता फक्त तांबेरा रोगाची परीक्षा राहिली. अकरा वर्षं.

१५ जून, रविवार

बाबांना प्लॉट दाखवले. धाकटी कोण, हे त्यांना आधी सांगावं लागलं. साध्या सोयाबीनच्या तेलात ओलिक आम्ल शंभरात वीस-बावीस असतं, हिच्यात एकोणऐंशी. त्यामुळे तेल लवकर खवट होत नाही, कढईत पुन्हापुन्हा तापवलं तरी टिकतं. दोन जनुकं, दोन्ही आईकडून आणि बापाकडून यायला हवीत, म्हणजे सोळा दाण्यांत एखादा. तो शोधायला प्रत्येक दाण्याच्या टोकाचा कपचा ब्लेडने काढायचा, कपचा तपासायला द्यायचा आणि उरलेला दाणा पेरायचा. असे किती दाणे कापले असतील मी. बाबा म्हणाले, आणि आईला वाटायचं तू ऑफिसात बसून असतेस.

खुंट्यांवर नावं का नाहीत, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, लाड होऊ नयेत म्हणून. कोणता प्लॉट कुणाचा, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. ते हसले. मी नऊपाशी आणि मग बावीसपाशी जरा रेंगाळले, दोन पानं उलटून पाहिली. मागे वळले तर बाबा हात मागे बांधून माझ्याकडेच बघत होते.

चाळीसपर्यंत गेलोच नाही. ते टोक तळ्याकडे आहे, चिखल असतो.

४ जुलै, शुक्रवार

आज बाबा रागावले. प्लॉटच्या अधूनमधून ज्या ओळी लावल्या आहेत त्या हमखास रोग पडणाऱ्या वाणाच्या आहेत, तिथे तांबेरा वाढवून सगळ्यांवर पसरवायचा असतो, हे मी सांगितलं. 

"म्हणजे मुद्दाम आजारी पाडणार?"

म्हटलं, हो, त्याशिवाय कोण टिकतं ते कळणार कसं? ते म्हणाले, आमच्या बागेत एक पान पिवळं दिसलं तर मोठे माळी सगळ्यांसमोर बोलायचे. मग जेवण होईपर्यंत गप्प. दूध नासलं की आईवर असे गप्प बसायचे, जणू तिनेच नासवलंय.

१३ जुलै, रविवार

बाबांनी तीन गुलाब आणले. गॅलरीत कुंड्या, खत, छाटायची कात्री आणि फवारायचा छोटा हातपंप. दुकानदाराशी औषधावरून हुज्जत घालून आले, म्हणजे प्रकृती सुधारते आहे. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, गुलाब? आमच्याकडे तर साधी तुळशीएवढी कुंडी ठेवा म्हटलं तरी नको म्हणायचे.

२५ जुलै, शुक्रवार

भिंगवालीने आज रोगाचं पाणी फवारलं. ती आमची रोगशास्त्रज्ञ. भिंग गळ्यात असतं, झोपतानाही काढत नसावी. कुठला प्लॉट कुणाचा हे तिला ठाऊक नसतं आणि ती विचारतही नाही. बाबांची ओळख करून दिली. तिने सरळ विचारलं, गुलाबाच्या पानांवर पांढरी भुरी येते का? दोघं अर्धा तास भुरीवर बोलत होते. मी नुसती उभी.

६ ऑगस्ट, बुधवार

तांबेरा आला. रोगट ओळींच्या खालच्या पानांवर ठिपके, पान उलटं केलं की बोटाला भुकटी लागते. आम्ही सगळे खूश. आमच्या धंद्यात रोग आला की तोंडं फुलतात, बाहेरच्याला हे सांगणं अवघड.

बाबा दुपारी अर्ध्या जेवणावरून उठले. सगळं जळणार का, असं विचारलं. म्हटलं, जे टिकायचे ते टिकतील, बाकीचे आपण टाकू. "आणि धाकटी?" म्हटलं, तीही. तिला काय वेगळा नियम? मी उठून खरकटी भांडी घासत बसले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बाबा पहाटे उठून फिरायला जायला लागले आहेत. छत्री हातात, कापडी पिशवी खांद्याला, त्यात पाण्याची बाटली. सात वाजता परत. पायजम्याचे पाय दवाने भिजलेले, बाह्याही भिजलेल्या. आल्यावर मोरीत हात साबणाने दोन-दोनदा धुतात, माळ्याची सवय. मग पोटभर नाश्ता करतात. कालपासून शीळही घालतात. ही शीळ मी शाळेत असताना ऐकली होती.

दादाला लिहून पाठवलं, रुळले.

२३ ऑगस्ट, शनिवार

गुलाबाच्या औषधाची दुसरी बाटली संपली. तीन कुंड्यांना! म्हटलं, बाबा, एवढं औषध तर मीही लहानपणी प्यायले नसेन. ते म्हणाले, आजार अंगावर काढू नये. आणि विषय बदलला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज भिंगवालीने गुण दिले. एक म्हणजे स्वच्छ, नऊ म्हणजे जळून गेलं. पाचापर्यंत पास. ती पुढे, मी मागून लिहीत. नऊ नंबर: दोन.  बावीस नंबर: दोन. शेजारच्या प्लॉटांना सहा, सात, आठ. मी मान वर केली नाही, नाहीतर तिला चेहऱ्यावरून कळलं असतं.

चाळीस नंबर: सहा.

घरी आले. बाबांना सांगितलं की दोन ठिकाणी फार छान आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या ठिकाणाचं मी बोललेच नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

चाळीसपाशी जाऊन बसले. तळ्याकडे उतार आहे, पाणी साचतं, पानं दुपारपर्यंत ओली राहतात. अशा जागी कोणतंही झाड रोगट दिसणारच. आकडेवारीच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, लेखी कारण दिलंत तर एक प्लॉट गाळता येतो. मी कारण लिहिलं: 'पाणथळ जागा'. तीनदा वाचलं. खोटं नाही.

मात्र बाजूचे एकोणचाळीस आणि एक्केचाळीस त्याच पाण्यात उभे आहेत आणि त्या वाणांचे गुण इथेही इतर ठिकाणच्यासारखेच आहेत. हे इथे लिहिते. तिथे लिहिलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

मळणी झाली, वजनं आली, तेल तपासून आलं. ओलिक एकोणऐंशी. उत्पादनात नऊ आणि बावीस सगळ्यांत वर. चाळीस मधेच कुठेतरी. अहवाल लिहायला घेतला. संचालक भेटले, म्हणाले, या वेळी तुमच्याच वाणाचं नाव घ्यायचं आहे, चांगलं नाव शोधून ठेवा. घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, आईचं द्यायचं का? मी अहवालात नावाची जागा मोकळी ठेवली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

भिंगवाली दुपारी खोलीत आली, दार लावलं. वहीत दाबून वाळवलेली पानं टेबलावर मांडली. नऊ नंबरचं पान, बावीसचं पान. तिचं म्हणणं असं: प्रतिकार करणाऱ्या झाडावरही तांबेरा उतरतो. झाड त्याला तिथल्या तिथे मारतं, तांबूस बारीक ठिपके राहतात. मारामारीच्या खुणा. ही दोन पानं कोरी आहेत. इथे मारामारी झालेलीच नाही.

मी म्हटलं, मग अजून चांगलं, रोग शिरलाच नाही. तिने भिंग काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, बघ आणि तूच सांग. मी पाहिलं. मग चिडून म्हटलं की समितीच्या तोंडावर हे काढायची काही गरज होती का. ती पानं गोळा करून गेली. चहाही घेतला नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

चार वाजता चहा. बाबा गुलाबाची सुकलेली फुलं खुडत होते. मी आपली मनातलं बोलत सुटले, म्हटलं, दोन ठिकाणी स्वच्छ आणि तिसऱ्या ठिकाणी रोगट, हे कोडंच आहे.

ते थांबले. तिसरं कुठलं?

म्हटलं, चाळीस, तळ्याकडचा.

"तिथेही होती ती?" म्हणाले. "मला काय माहीत. तू तिथे कधी थांबतच नाहीस."

मी कप खाली ठेवला.  बाबाच सांगत राहिले. पहाटे कुणी नसतं. पिशवीत पंप. आधी नऊ, मग बावीस, दर पाचव्या दिवशी. पानं खालूनही भिजवावी लागतात, वरून नुसतं शिंपडून उपयोग नसतो, नवशिके तिथेच चुकतात. शेजारच्या ओळींवर उडू नये म्हणून छत्री आडवी धरायचे. तुला सांगणार होतो, पण तू म्हणाली होतीस लाड नकोत, म्हणून गुपचूप. आणि मग, चाळीसचं आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं, म्हणजे तीही वाचली असती, असं म्हणाले.

आपण मला मदत केली, असंच त्यांना वाटत होतं. चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

मी बाहेर पडले. आवाराला दोन फेऱ्या मारल्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ही वही उलटी चाळली. प्लॉटला औषध मारायचं नाही, असं मी बाबांना कुठेही सांगितलेलं नाही. इथे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून नाही सांगितलं. पिशवी, बाह्या, दोन बाटल्या, सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

नऊ आणि बावीस बाद. त्यांचं उत्पादनही बाद, औषधाने दाणा भरतोच. उरला चाळीस. तो खरा होता आणि तोच मी गाळला. तेव्हा बाबांच्या पंपाबद्दल मला काही माहीत नव्हतं. तरी गाळला.

अहवाल शुक्रवारी द्यायचा. भिंगवालीने कुणाकडे तोंड उघडलेलं नाही. संचालकांना वाण हवा आहे. बाबा तर कुणाला सांगणार नाहीत. न बोलता सगळं पार पडेल, हे दिवसभर डोक्यात आहे. वाण शेतात गेला की दोन वर्षांत एखाद्या ओल्या हंगामात तांबेरा पडेल, आणि लोक आपल्याच पेरणीत खोट शोधत बसतील.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

संचालकांकडे गेले. वाण मागे घेत असल्याचं पत्र दिलं. कारणाच्या जागी आधी 'अनवधानाने फवारणी' एवढंच लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, कुणाकडून? म्हटलं, माझ्या वडिलांकडून, आणि चाळीस गाळल्याचंही सांगितलं.  मग म्हणाले की चूक कुणाची हे माझ्या लक्षात आलं, पण यापुढे तुमच्या वडिलांनी शेतात पाय ठेवायचा नाही. हे लेखी येईल. आलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

बाबांना सांगितलं. किती सोपं करून सांगावं, किती लपवावं, दोन दिवस जुळवत होते. शेवटी जसं आहे तसं सांगितलं. औषधामुळे ती टिकते का ते कळलंच नाही, म्हणून हे वर्ष गेलं. त्यांनी एकच विचारलं, एकच वर्ष ना? मी हो म्हटलं. ते खरं आहे का, मला माहीत नाही.

त्यांनी पंप धुतला, पुसला, माळ्यावर ठेवला. संध्याकाळी खुर्ची ओढून खिडकीशी बसले.

९ नोव्हेंबर, रविवार

समिती काल झाली. दुसऱ्या केंद्राचा एक वाण मंजूर झाला, ओलिक कमी पण तांबेऱ्याला चांगला. टाळ्या वाजवल्या.

बाबा बाहेर पडत नाहीत. गुलाबांना पाणी मी घालते. दादाचा फोन आला, त्याला वहिनीकडून कळलं असावं, तिला बाबांकडून. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात येऊन नेतो, तुझ्याही डोक्याला ताप नको. मी नाही म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, बॅग भरायला घेऊ का? म्हटलं, इतक्यात नको. त्यांनी घेतलीच.

२ डिसेंबर, मंगळवार

मागच्या भांडणानंतर भिंगवालीशी आज नीट बोलले. मी माफी मागायच्या आत तिने कामाचं काढलं. प्रयोगशाळेतच परीक्षा घेऊ, म्हणाली. काचघरातल्या रोपांची पानं तोडून ओल्या कागदावर बशीत ठेवायची, मोजून रोग घालायचा, तीन आठवड्यांत निकाल. आकडा पाचापर्यंत आला तर पुढच्या समितीकडे जाता येईल. सहा आला तर पुन्हा संकरापासून.

बशीतल्या पानांना गुण द्यायला दोन माणसं लागतात. तू नको, कारण तू धाकटीची आई आहेस, असं ती म्हणाली. मग म्हणाली, तुझ्या वडिलांना पाठव. मी तिला संचालकांचं पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं. "शेतात लिहिलंय. प्रयोगशाळेत कुठे लिहिलंय?"

४ डिसेंबर, गुरुवार

बाबा नाही म्हणाले. माझ्या हाताने आता काही नको. तास गेला. मग विचारलं, बशीत म्हणजे केवढ्या बशीत?

२३ डिसेंबर, मंगळवार

आज गुण दिले. दादा परवा यायचा आहे. बाबांची बॅग दारामागे.

प्रयोगशाळेत लांब टेबल, त्यावर चोपन्न बशा, प्रत्येकीवर नंबर. हे नंबर नवे, कुणाचं पान कुठे ते फक्त मला माहीत. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. तीन आठवडे ते रोज इथे येत होते. पहिल्या आठवड्यात ठिपके दिसले तेव्हा त्यांनी हात खिशात घातले आणि बाहेर जाईपर्यंत काढले नाहीत, असं भिंगवालीने सांगितलं. औषध आहे का, असं एकदाही विचारलं नाही.

एका टोकाकडून ती, दुसऱ्याकडून ते. दोघं एकमेकांचा कागद पाहत नव्हते. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. धाकटी सात, सव्वीस आणि एकोणपन्नासमध्ये होती. बाबा सातपाशी आले तेव्हा मी चपलेच्या टोकाकडे बघत बसले. या वेळी कुठेही बघायचं नाही, असं सकाळीच ठरवलं होतं.

बेरीज झाली. भिंगवालीचे धाकटीला तीन बशांत पाच, पाच, सहा. बाबांचे सहा, सहा, सहा. जुळले नाहीत तर दोघांनी ती बशी पुन्हा बघायची असते. सातवी आणि सव्विसावी बशी मधे ओढली. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"तिचीच का गं?"

सांगायला नको होतं. मी हो म्हटलं.

ते भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकून होते. पान चिमट्याने उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.  पाच म्हणाले असते तर मी लिहिला असता, हे इथे लिहून ठेवते.

"सहाच," ते म्हणाले. "भुकटी सुटलीये."

भिंगवालीने पाहिलं, मान हलवली, तिचा पाच खोडला. सव्विसाव्या बशीतही तसंच झालं. मी तिन्ही ठिकाणी सहा लिहिला आणि खाली सही केली.

बाहेर यायला निघालो तर बाबा मागेच राहिले होते, दुसऱ्या एका बशीवर वाकलेले. अठरा नंबर. त्यांनी मला बोलावून पान दाखवलं. तांबूस बारीक ठिपके, त्यांच्या आत काहीच नाही. मारामारीच्या खुणा.

हा कोण, विचारलं. मी सांगितलं की तो जुना वाण आहे, तांबेऱ्याला चिवट, पण तेल अगदी साधं आणि उत्पादन जेमतेम.

"घराणं साधं असू दे, पोरगा खमका आहे," म्हणाले. "हिचं याच्याशी जमव."

म्हटलं, बाबा, जमवलं तरी पुन्हा सोळा दाण्यांत एक तेलाचा, त्यातून तांबेऱ्याचा, त्यातून उत्पादनाचा. सहा-सात वर्षं तरी. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, स्वतःचं वय असावं. मग विचारलं की दाण्याचा कपचा कोणत्या टोकाचा काढायचा असतो, आणि ब्लेड तुम्ही देता की आपलं आणायचं.

घरी येऊन दादाला फोन केला. म्हटलं, परवा ये, पण जेवायला ये.